बॉल सोफ्याच्या त्या बाजूला आहे गं!

सुरुवात एका बॉलने झाली. लाल, लिंबाएवढा, कुठल्यातरी खेळण्याबरोबर आलेला, ते खेळणं कधीच मोडलं पण बॉल मात्र चिकाटीने टिकून आहे असा. लेक तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांची होती. तिने तो जमिनीवरून जोरात ढकलला, तो सोफ्याखाली शिरला, पलीकडून बाहेर पडला आणि भिंतीला जाऊन टेकला. मला दिसत होता, तिला नव्हता दिसत. मग ती काय करणार, बॉल जिथून आत गेला तिथेच पोटावर आडवी, गाल जमिनीला टेकवलेला, हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपणं सुरू. नाही मिळाला. उठली, कपडे झटकले (हे कुठे शिकली देव जाणे), परत तिथेच आडवी.

मी म्हणलं अगं त्या बाजूला बघ. गेली, मिळाला, टाळ्या. परत ढकलला, परत सोफ्याखाली, परत पलीकडे, आणि ही परत अलीकडेच आडवी. असं सहा वेळा झालं हो. सातव्या वेळी मी हसणं बंद केलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला की हे काय चाललंय, कारण हीच मुलगी दहा महिन्यांची असताना टॉवेलखाली लपवलेलं खेळणं सटकन काढायची आणि आम्ही दोघं बघा किती हुशार म्हणून कौतुक करायचो. पुढे जायच्या ऐवजी मागे चाललीय की काय?

मग रात्री ती झोपल्यावर वाचायला बसले. आणि वाचता वाचता कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाहीये, लहान मुलांवर आयुष्यभर काम केलेली माणसं यावर डोकं खाजवून बसलीत.

आधी पियाजे. जाँ पियाजे हा स्वित्झर्लंडचा माणूस, त्याने स्वतःच्या तीन पोरांचीच प्रयोगशाळा करून टाकली होती, आणि कोणी त्याला नावं ठेवायच्या आधीच सांगते की पुढे मीही तेच करणार आहे. त्याचं म्हणणं साधारण असं की अगदी तान्ह्या बाळासाठी नजरेआड म्हणजे संपलंच. सात-आठ महिन्यांपर्यंत बाळासमोर खेळणं ठेवा, त्यावर फडकं टाका, बाळ हात मागे घेतं आणि दुसरीकडे बघायला लागतं. पुढे ते फडकं ओढायला शिकतं. पण तेव्हाही एक गंमत असते, एका उशीखाली दोनतीनदा लपवून मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या उशीखाली लपवलं तर बाळ बिनधास्त पहिल्याच उशीकडे जातं. साधारण वर्षभराचं झालं की हे सुटतं. सगळ्यात शेवटी, दीड वर्षाच्या पुढेमागे, न दिसलेली हालचाल मनात धरून शोधणं जमायला लागतं.

पियाजेचा एक किस्सा मला फार आवडला. त्याची मुलगी झाकलीन, दीड वर्षाची, एका बटाट्याशी आणि डब्याशी खेळत होती. त्याने बटाटा डब्यात घातला, डबा सतरंजीखाली नेला, तिथे गुपचूप उलटा केला आणि रिकामा डबा बाहेर काढला. झाकलीन डब्यात बघते, बापाकडे बघते, सतरंजीकडे बघते, पण सतरंजी उचलून बघायचं काही तिला सुचत नाही. बटाटा डब्यात गेलेला तिने बघितलाय, डबा सतरंजीखाली गेलेलाही बघितलाय. दोन्ही माहिती हातात आहे, फक्त जोडायचीये. तेवढंच होत नाही.

हे वाचलं आणि सोफा आठवला.

बरं त्या दोन उशांच्या चुकीचं पण एक सांगते आणि पुढे जाते. अ‍ॅडेल डायमंड नावाच्या संशोधक बाईंनी दाखवलं की लपवणं आणि शोधणं यात काही सेकंद थांबायला लावलं की चूक वाढते, आणि बाळ जसजसं मोठं होतं तसतसा जास्त वेळ थांबवला तरी त्याला जमायला लागतं. त्यांना असंही दिसलं की कधीकधी बाळाचा हात चुकीच्या उशीकडे जातो आणि डोळे मात्र बरोबर उशीकडे असतात! म्हणजे हाताला सवय लागलेली असते, आधी जिथे मिळालं तिथेच जायची. आणि लिंडा स्मिथ, एस्थर थेलन वगैरे मंडळींनी तर मधेच बसलेल्या बाळाला उभं केलं, एवढंच, आणि चूक बरीचशी गायब. शरीराची ठेवण बदलली तशी हाताची जुनी सवयही मोडली. मला हे वाचून एकदम पटलं, कारण मी स्वतः स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा हलवून दोन महिने झाले तरी जुन्या जागीच साल टाकायला वाकते.

आता खरा गोंधळ इथून पुढे आहे.

१९८५ मध्ये रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पाच महिन्यांच्या बाळांना काहीही शोधायला न लावता नुसतं बघायला लावलं. बाळाच्या समोर एक फळी, पुस्तकाच्या पानासारखी उलटीसुलटी होणारी. तिच्या मागे एक खोकं ठेवलं. फळी उठली, खोकं झाकलं गेलं. आता खऱ्या जगात फळी खोक्याला अडून थांबायला हवी. कधी थांबायची, कधी (चलाखीने खोकं काढून घेतल्यामुळे) सरळ आरपार पडायची. बाळं त्या आरपारवाल्याकडे जास्त वेळ बघत बसली, म्हणजे झाकलेलं खोकं त्यांच्या लेखी तिथेच होतं. यावर पुढे बरीच भांडणं झाली, काही जण म्हणाले बाळाला नुसतं नवीन काहीतरी दिसलं म्हणून बघितलं असेल, एवढा मोठा अर्थ काढू नका. ती भांडणं अगदीच चुकीची नाहीत माझ्या मते, कारण जास्त वेळ बघणं म्हणजे नक्की काय हे बाळ येऊन सांगत नाही ना.

पण १९९२ मध्ये स्पेल्कीबाईंच्या गटाने याहून लहान, अडीच महिन्यांच्या बाळांसमोर चक्क बॉल घरंगळवला. बॉल पडद्यामागे जातो. पडद्यामागे वाटेत एक अडथळा उभा आहे. पडदा उचलला की बॉल कधी अडथळ्याला टेकलेला, कधी अडथळ्याच्या पलीकडे पोचलेला. पलीकडे पोचलेला बॉल बाळं जास्त वेळ बघत राहिली. अडीच महिने! त्या वयात आमचं कार्टं स्वतःचाच हात बघून दचकायचं.

तर हिशोब असा झाला की अडीच महिन्यांच्या बाळाला बॉल भिंतीतून जात नाही हे कुठेतरी खटकतं. मग अडीच वर्षांच्या मुलाला हे किरकोळ वाटायला हवं, नाही का?

आता मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला नील बर्थियर, रेचेल कीन (त्या आधी क्लिफ्टन आडनावाने लिहायच्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग बघा, २००० सालचा. एक उतार. उताराच्या पुढे पडदा, पडद्याला ओळीने चार दारं. उतारावर चारपैकी कुठल्याही जागी एक लाकडी भिंत उभी करता येते आणि ती एवढी उंच की तिचा वरचा भाग पडद्याच्या वर डोकावतो, म्हणजे भिंत कुठे आहे ते कायम दिसतंय, लक्षातसुद्धा ठेवायला नको. बॉल सोडला की घरंगळत जाऊन भिंतीला अडतो. मुलाने फक्त भिंतीच्या अलीकडचं दार उघडायचंय.

दोन वर्षांची मुलं सपशेल तुक्क्यावर. अडीच वर्षांचीही बहुतेक तशीच. तीन वर्षांच्यांना मात्र बऱ्यापैकी जमलं. आणि मुलं कंटाळलेली नव्हती, नियम समजला नाही असंही नव्हतं, दार उघडून बॉल काढायचाय हे त्यांना व्यवस्थित कळत होतं आणि ती उत्साहाने दारं उघडत होती. चुकीची.

२००३ मध्ये कीनबाईंनी सरळच विचारलं की बाळं एवढी हुशार दिसतात आणि हीच मुलं चालायबोलायला लागल्यावर एवढी बावळट का दिसतात? हा प्रश्न मला मनापासून आवडला कारण माझा रात्री अकराचा प्रश्न अगदी हाच होता, फक्त मी तो असा चारचौघात विचारला नसता.

त्यांनी आणि इतरांनी एकेक शक्यता तपासत नेली. पहिली शंका, बॉल दिसतच नाही म्हणून पंचाईत होत असेल. मग दारांच्या मधला पडदा पारदर्शक केला, म्हणजे बॉल जाताना दोन दारांच्या मधे मधे झलक देतो आणि एका दारामागे गेल्यावर पुढच्या फटीत दिसतच नाही. एवढी मदत केल्यावर अडीच वर्षांची मुलं सुधारली, दोन वर्षांच्यांना मात्र तरीही बरंच अवघड गेलं. बॉल शेवटचा जिथे दिसेनासा झाला तिथपर्यंत ज्यांची नजर टिकली ती मुलं बरोबर दार उघडायची. मधेच नजर सुटली की खेळ खलास.

दुसरी शंका जास्त चावरी. दोन वर्षांच्या मुलाकडे ते ज्ञान शिल्लकच नाहीये की काय? म्हणून त्यांनी शोधायचं काम काढून टाकलं. तोच उतार, तीच दारं, पण दार मुलाने उघडायचं नाही, दुसऱ्याने उघडायचं आणि मुलाने बघायचं. बरोबर दारामागे बॉल नाही असं दाखवलं की दोन वर्षांची मुलं जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे खटकतंय! जी मुलं स्वतः दार निवडताना गोंधळतात त्यांनाच चुकीचा शेवट दाखवला तर काहीतरी गडबड आहे हे जाणवतं.

इथे मला या सगळ्याचं मर्म सापडल्यासारखं वाटलं. झाल्यावर "हे असं कसं" वाटणं वेगळं आणि व्हायच्या आधी "हे असं होईल" म्हणून हात पुढे करणं वेगळं. पहिल्यात समोर चित्र तयार असतं, फक्त नाक मुरडायचं. दुसऱ्यात बॉलची वाट मनात चालवायची, भिंत दिसतेय तिचा न दिसणारा खालचा भाग मनात धरायचा, दोन्ही कुठे भेटतात ते काढायचं, त्या जागेसमोर कुठलं दार आहे ते ठरवायचं आणि मग हाताला तिकडे पाठवायचं, तेही मागच्या वेळी जे दार उघडलं होतं त्याचा मोह टाळून. एवढं सगळं दोनच सेकंदांत. आपल्याला ते एकच काम वाटतं कारण आपण कधीचेच ते एका दमात करतो.

असो. वाचन पुरे म्हणून शनिवारी बुटांचं खोकं घेतलं.

पुढच्या बाजूला कटरने चार दारं कापली, आत एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तिरकं बसवून उतार केला, भिंत म्हणून पुठ्ठ्याची उंच पट्टी, वरून खाच पाडून अडकवायची. नवरा येऊन बघून गेला आणि म्हणाला बॉल मोठा आहे, दारात अडकेल. अडकला. मग लहान बॉल शोधण्यात (हो, विनोद लक्षात आलाय माझ्या) अर्धा तास गेला, शेवटी एक काचेची मोठी गोटी घेतली आणि पूर्ण वेळ ती तोंडात जाणार नाही यावर डोळा ठेवून बसले.

पहिल्या दिवशी १२ वेळा केलं, ४ वेळा बरोबर. चार दारं आहेत म्हणजे डोळे मिटून उघडली असती तरी ३ यायलाच हवीत, त्यामुळे चार आल्याचा आनंद मी काही केला नाही. दार क्रमांक दोन तिचं लाडकं होतं, का ते माहीत नाही. भिंत तिच्या नाकासमोर वर डोकावत होती, मी मुद्दाम तिच्यावर टकटक करून "ही बघ भिंत, बॉल इथे थांबणार" असं सांगायचे, ती "हो" म्हणायची आणि दोन नंबर उघडायची. बॉल नसला की मग एकामागून एक सगळी दारं. तिच्या दृष्टीने तो दारं उघडायचा खेळ होता आणि बॉल हे बोनस.

दुसऱ्या दिवशी १० पैकी ७! मी उडालेच. नवऱ्याला हाक मारली, त्याच्यासमोर करून दाखवलं, त्याने दोनच मिनिटं बघितलं आणि म्हणाला तू बरोबर दाराकडे बघतेस. आणि खरंच, बॉल सोडला की माझे डोळे सरळ त्या दारावर, आणि कन्या बॉलकडे नाही, भिंतीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघून दार ठरवत होती. मी छताकडे बघायला लागले तर परत दोन नंबर. पण जरा विचार केला तर तिच्या बाजूने हे फार शहाणपणाचं आहे. आई समोर बसलीये, तिला उत्तर माहितीये, मग बॉलच्या वाटेचा हिशोब कशाला करा?

हे वाचताना सगळ्यात जास्त मजा आली ती ब्रूस हूड नावाच्या संशोधकाच्या नळ्यांच्या प्रयोगाची, १९९५ च्या. एक उभी चौकट, वर तीन तोंडं, खाली तीन डबे, मधे अपारदर्शक लवचिक नळ्या एकमेकींना ओलांडून वेड्यावाकड्या जोडलेल्या. वरून बॉल टाकला की नळीतून जाऊन भलत्याच डब्यात पडतो. दोन-अडीच वर्षांची मुलं प्रत्येक वेळी बॉल टाकला त्याच्या बरोब्बर खालच्या डब्यात शोधतात, नळी कुठेही जाऊ दे. परत परत चुकतात आणि परत परत तिथेच. पडणारी वस्तू सरळ खाली पडते हा अनुभव एवढा पक्का झालेला असतो की तोच आडवा येतो. हेच उलट, म्हणजे बॉल खालून वर जाताना दाखवला तर सरळ वरच्या डब्याचा तसा हट्ट दिसत नाही, म्हणून हे पडण्याचंच प्रकरण. नळ्या पारदर्शक केल्या तर काही अडचण येत नाही. पुढे कीनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना फक्त एवढं सांगितलं की बॉल नळीतून घरंगळत जातोय अशी कल्पना कर, आणि मुलं जास्त वेळा बरोबर डब्याकडे गेली. म्हणजे यंत्र आत होतं, कोणीतरी किल्ली द्यायची होती. कुत्र्यांवर आणि एका जातीच्या छोट्या माकडांवरही हा प्रयोग झालाय आणि तीही सुरुवातीला तरी सरळ खालीच शोधतात, हे घरात सांगितल्यावर नवऱ्याने लेकीला कुत्र्यामाकडांच्या रांगेत बसवल्याबद्दल माझ्याशी तात्पुरतं बोलणं बंद केलं.

अजून एक, कारण ते वाचल्यापासून माझी चिडचिड कमी झालीये. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांना एक गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, काहींना गाडी हवेत तरंगल्यासारखी. मग गाड्या हातात दिल्या. भिंतीतून गेलेली गाडी बाळांनी आपटून बघितली, तरंगलेली गाडी खाली टाकून बघितली. नेमकी तीच तपासणी! त्यामुळे आता काही टाकलं आपटलं की ओरडायच्या आधी मी एक सेकंद थांबते. एकच.

खोकं मी टाकलं नाही. दारांच्या मधे खिडक्या कापून पारदर्शक फाइलचं कव्हर चिकटवलं आणि महिन्यातून एकदोनदा काढत राहिले. झलक दिसायला लागल्यावर जरा जमायला लागलं, पण खिडकीबाहेर कावळा ओरडला की संपलं.

आता ती दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात तिनेच खोकं ओढून आणलं. खिडक्यांवर कागद चिकटवून मी त्या परत बंद केल्या, छताकडे बघत बसले आणि बॉल सोडला. तिने भिंतीच्या डोकावणाऱ्या टोकावर बोट ठेवलं, बोट तसंच खाली आणलं आणि बाजूचं दार उघडलं. बरोबर. परत, बरोबर. सलग पाच वेळा. माझ्या डोळ्यांत पाणीबिणी यायचंच बाकी होतं.

सहाव्या वेळी तिला चार नंबरचं दार उघडायचं होतं. बॉल सोडून झाला होता, आत कुठेतरी ठक् वाजून थांबलाही होता. तिने शांतपणे भिंत उपसली, चार नंबरच्या खाचेत बसवली, बोट टोकावर ठेवून खाली आणलं आणि दार उघडलं. आत बॉल नव्हता. उतारावरून बॉल हळूच पुढे घरंगळत येऊन दोन सेकंदांनी भिंतीला टक्कन लागला, तोवर तिने दार लावून टाकलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की बॉल मीच पळवलाय.